माळावरचा रंगीत गळ्याचा सरडा : कोणी कोणी पाहिलाय?

माळकरी

मंडळी, एप्रिल सरत आला की देशावरच्या उघड्या माळांवर एक सरडा रंगात येतो. एरवी पायापुढून सटकला तरी नजरेत न भरणारा. मातकट अंग, पाठीवर काळपट चौकटींची नक्षी, बोटाएवढं धड आणि मागे लांब, बारीक शेपटी. फॅन-थ्रोटेड लिझर्ड म्हणून पक्षीनिरीक्षकांच्या गटांत याचे फोटो फिरत असतात. नराच्या गळ्याखाली कातडीची सैल घडी असते, हनुवटीपासून मागे पोटाकडे गेलेली. विणीच्या दिवसांत तो एखाद्या दगडावर चढतो, पुढचे पाय ताठ करून छाती उचलतो आणि ती घडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, केशरी असे तिन्ही रंग एकदम समोर येतात. लगेच घडी मिटते, पुन्हा उघडते. मग तो जागच्या जागी वळून दुसऱ्या दिशेला तोंड करतो आणि तेच सगळं परत.

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. तिथली जात म्हणजे सरडा सुपर्बा. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या सरड्यांची नव्याने मांडणी केली. तोवर सगळे 'सिटाना' या एकाच गटात होते. त्यातून मोठ्या, रंगीत पंख्याच्या जाती वेगळ्या काढून 'सरडा' हा नवा गट केला गेला. त्यात सुपर्बा, डार्विनी आणि डेक्कनेन्सिस. यातली डेक्कनेन्सिस जुनी, जर्डनने १८७० मध्ये वर्णन केलेली. बाकीच्या दोन त्या वर्षी नव्याने जगापुढे आल्या. म्हणजे आपल्या घरापासून तास-दोन तासांवर राहणारा हा प्राणी विज्ञानाच्या दफ्तरात स्वतःच्या नावाने दाखल होऊन अजून पुरती दोन दशकंही झालेली नाहीत.

धागा काढायचं कारण हे, की याच्याबद्दल बोलताना बहुतेक लोक रंगापाशी थांबतात. मला त्याचं वागणं जास्त मोलाचं वाटतं. ते सगळं माळाच्या उघडेपणावर उभं आहे आणि तो उघडेपणा आपण झपाट्याने संपवतोय. तुम्ही कुठे पाहिलात, काय करताना पाहिलात, ते लिहा.

रानवाटसरू

उत्तम विषय. माझा अनुभव सासवडकडच्या माळांचा. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन चढायला लागलं की नर दगडावर येतात. दुपारी जमीन तापली की बोटं उचलून उभे राहतात, पोट जमिनीला टेकू देत नाहीत आणि थोड्या वेळात तरवडाच्या बुडाशी नाहीतर दगडाच्या सावलीला जातात. ऊन कलल्यावर पुन्हा बाहेर. भर दुपारी जाऊन 'काहीच दिसलं नाही' म्हणणारे बरेच असतात, त्यांनी वेळ बदलून पाहावी.

आणि पळतात काय! जोरात पळायचं असलं की पुढचे पाय जमिनीवरून उचलले जातात आणि मागच्या दोन पायांवर सुसाट. उघड्या जागेत पुढच्या झुडपापर्यंत पोचायचं तर वेग हाच आधार.

अनघा_प

मागच्या पायाला चारच बोटं असतात ना यांच्या? कुठेतरी वाचल्याचं आठवतंय.

माळकरी

हो. बागेतल्या नेहमीच्या सरड्याला पाच, याला चार. हा झाडावर चढणारा नाही, जमिनीवरचा. फार तर दगड, ढेकूळ, एखादं खुरटं झुडूप, एवढीच त्याची उंची. म्हणूनच माळावर तो मूठभर उंचीचा दगड त्याच्या लेखी फार मोलाचा. तिथून त्याला मादी दिसते, शेजारचा नर दिसतो, वरून येणारा शिकारी दिसतो आणि तोही सगळ्यांना दिसतो. दगडावरून भांडणं होतात ती उगाच नाही.

कातळवाट

त्या भांडणांबद्दल लिहितो, कारण गेल्या उन्हाळ्यात चाळकेवाडीला एक अगदी जवळून पाहिलं. गाडीतच बसलो होतो, रस्त्याकडेला. एक नर दगडावर पंखा उघडून होता. दुसरा खालून आला, थोड्या अंतरावर थांबला आणि त्यानेही पंखा उघडला. दोघांनी अंग बाजूने दाखवायला सुरुवात केली, एकमेकांभोवती अर्धवर्तुळात फिरत. मग एकदम धडक. वरच्याने खालच्याचा जबडा आपल्या जबड्यात धरला आणि दोघं तसेच अडकून पडले. पाय रोवलेले, शेपट्या आडव्या. मध्येच अंगाला झटका देऊन एकमेकांना उलथवायचा प्रयत्न, की परत स्तब्ध. सुटल्यावर आलेला नर पंखा मिटूनच गवतात गेला. दगडावरच्याने मात्र लगेच पुन्हा उघडला, तोंडाच्या कडेला माती लागलेली असतानाच.

मादी तिथून जेमतेम दोन हातांवर होती. ती सगळा वेळ मुंग्या टिपत होती.

अनघा_प

वा! मादीला पंखा अजिबात नसतो?

माळकरी

नसतो. डार्विनने १८७१ च्या त्याच्या पुस्तकात सिटानाबद्दल हेच नोंदवलं आहे: नराच्या गळ्याला घडी घालता येणारी मोठी पिशवी, रंग निळा, काळा, लाल, तोही फक्त विणीच्या काळात, आणि मादीला त्याचा मागमूसही नाही. मादी जोडीदार निवडते आणि त्या निवडीतून नराची सजावट पिढ्यान् पिढ्या वाढत जाते, असं तो सांगत होता. त्यासाठी त्याने दिलेल्या उदाहरणांत हा आपल्याकडचा सरडा आहे. सरडा डार्विनी हे नाव त्याच्यावरूनच दिलेलं.

पंखा उघडतो कसा तेही सांगतो. जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाला मागे लांब कूर्चेचा दांडा जोडलेला असतो. तो खाली फिरला की छत्रीच्या काडीसारखा कातडीला ताणून धरतो. दांडा मागे गेला की सगळे रंग घडीत लपतात. यात मोठी सोय आहे. भडक रंग अंगभर असता तर ससाण्या-घारींना दिवसभर आमंत्रणच. इथे रंग हवा तेव्हा, हवा त्याच्यासाठी, आणि आकाशात सावली हलली की पुन्हा मातीच्या रंगाचा सरडा. यातला निळा तर कोनावर चमकतो. नर थोडा वळला की तोच भाग एकदा झळाळता निळा, एकदा काळसर. त्याचं ते सारखं दिशा बदलणं बघताना हे लक्षात ठेवा.

गोंदवलेकर

हे विषारी असतात का? आमच्याकडे शेतावरचे गडी दिसला की दगड मारतात.

रानवाटसरू

अजिबात नाही. मुंग्या, वाळवी, टोळ, भुंगेरे हे त्यांचं खाणं. माणसाला काही करत नाहीत. गड्यांना एकदा पंखा उघडलेला दाखवा, हातातला दगड खाली पडेल.

विद्युत_सांगली

चाळकेवाडीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तिथे सगळ्या पठारावर पवनचक्क्या आहेत. मी ऐकलं की पवनचक्क्यांच्या भागात हे सरडे उलट जास्त आहेत. तसं असेल तर पवनचक्क्या त्यांना मानवल्याच म्हणायच्या की.

माळकरी

ऐकलंत ते बरोबर आहे. पण पूर्ण गोष्ट फार खोल आहे, म्हणून जरा सविस्तर.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी याच पठारावर काम केलं. २०१८ च्या नोव्हेंबरात ते प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या असलेला भाग आणि त्याच पठारावरचा पवनचक्क्या नसलेला भाग अशी तुलना होती. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी. पक्षी म्हणजे तिसा, कापशी घार, बझर्ड अशा जाती. ते जमिनीवरच्या सरड्यांवर झडप घालतात, आणि त्या झडपाही कमी झालेल्या. पात्यांना धडकून मेलेले पक्षी आपल्याला ठाऊक असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पक्षी तो भागच टाळू लागतात.

वरचा शिकारी गेला, की खालचा सरडा वाढणार. तसे ते वाढले. पण तिथले सरडे बदलले. त्यांच्या रक्तात तणावाचं संप्रेरक कमी निघालं आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनात. भीती उरली नव्हती. इथवर कोणालाही वाटेल, बरं झालं की. पुढचं वाचा. ते सरडे अंगाने बारीक होते, कारण तेवढ्याच जागेत खाणारी तोंडं जास्त. आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके होते.

ज्या रंगासाठी आपण तिथे जातो तो रंग पोटाला मिळालेल्या अन्नावर, शेजाऱ्यांशी होणाऱ्या चुरशीवर आणि आकाशातल्या तिसावर अवलंबून आहे. तिसा उडून गेला आणि सरड्याचा गळा फिकट झाला. ही साखळी इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणं जगात थोडी आहेत आणि त्यातलं एक सातारा जिल्ह्यातलं आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पवनऊर्जेला माझा विरोध नाही. कोळशापेक्षा ती कैक पटींनी बरी. पण 'ओसाड पठार आहे, टाका तिथे' असं म्हणून जागा ठरवायची, हे थांबायला हवं.

विद्युत_सांगली

हे माहीत नव्हतं. मी याच क्षेत्रात काम करतो. जागा निवडताना वाऱ्याचा वेग, रस्ता आणि वीजवाहिनी यांचा विचार होतो. पक्ष्यांची पाहणी झालीच तर मोठ्या, नावाजलेल्या पक्ष्यांची. सरड्यापर्यंत कोणी जात नाही. हा अभ्यास आमच्या लोकांपुढे ठेवतो.

हिरवी_वाट

नमस्कार. आमचा गट दर पावसाळ्यात डोंगरांवर आणि माळांवर झाडं लावतो. धागा वाचून आनंद झाला, पण एक कळत नाही. माळ उघडेबोडके आहेत म्हणूनच माती वाहून जाते, ऊन भाजून काढतं. झाडं लावली तर सावली होईल, किडे वाढतील, सरड्यालाही खायला मिळेल. मग माळ उघडाच राहावा असं का?

माळकरी

तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो. या सरड्याला सावली कमी पडत नाही, त्याला उन्हाची गरज आहे. सकाळी अंग तापल्याशिवाय तो पळू शकत नाही, पचवू शकत नाही, पंखाही उघडू शकत नाही. त्याचा संदेश डोळ्यांनी वाचायचा आहे. मध्ये गिरिपुष्पाची रांग उभी राहिली की दहा पावलांवरची मादी त्याला दिसत नाही आणि तो तिला दिसत नाही. शिवाय झाडावर बसून खालचं टिपणारे पक्षी तिथे ठाण मांडतात. उघड्या माळावर तिसाला लांबून यावं लागतं, तेवढ्यात सरड्याला पळायला वेळ मिळतो.

मातीचं म्हणाल तर पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी या गवतांची मुळं माती घट्ट धरतात. जिथे माती वाहून जातेय तिथे बहुतेक वेळा गवत आधी गेलेलं असतं. कुठे बेसुमार चराई, कुठे नांगर, कुठे खोदकाम. झाडं लावायला खड्डे घेताना आपण तेच गवत उपटतो.

हिरवी_वाट

मग पडीक जमीन म्हणून सरकार जे नकाशे काढतं त्यात हे माळ कसे असतात? आम्ही त्यावरूनच जागा घेतो.

रानवाटसरू

तीच तर दुखरी नस आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी आणि गवताळ जमिनींचे मोठाले पट्टे 'पडीक' म्हणून दाखवलेले असतात. कागदावर पडीक ठरलं की ती जमीन कशालाही देता येते. कारखाना, सौरप्रकल्प, खाण, नाहीतर वृक्षारोपण. माळढोक, तणमोर, लांडगा, खोकड, काळवीट, धाविक हे सगळे त्याच 'पडीक' जमिनीवरचे रहिवासी. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं. तरी माळढोक आपल्या राज्यातून जवळजवळ गेलाच. सरड्यासाठी कोण अभयारण्य करणार? त्याला वाचवायचं तर माळ माळ म्हणूनच राहू द्यायला हवा.

बिरोबाचा_माळ

मी धनगर घरातला, माण तालुका. आता नोकरीला पुण्यात असलो तरी चुलते अजून मेंढरं राखतात. दिवाळीनंतर खाली कोकणात उतरायचं आणि मिरगाच्या आधी वर यायचं, हा आमचा शिरस्ता. ते वर येतात तेव्हा हे सरडे ऐन जोरात असतात. लहानपणी आम्ही मेंढरांमागे फिरताना याच्यावर नजर ठेवायचो, कारण कुठल्या दगडावर कुठला नर हे ठरलेलं असायचं. रोज तोच. एखाद्या दिवशी तो नसला तर दुपारपर्यंत दुसरा येऊन बसलेला असायचा.

चराईबद्दल एक सांगायचंय. मेंढरं फिरून गेली की गवत आखूड राहतं, मध्ये मध्ये मोकळी जमीन राहते आणि सरडा तिथेच असतो. कमरेएवढ्या गवतात तो मला कधी दिसला नाही. आमच्या लोकांना माळाचा शत्रू समजून हाकलतात, ते मनाला लागतं. कळप एका जागी महिनोन्‌महिने कोंडला तर माळ उजाड होतो, हे खरं. पण आमची सगळी रीतच पुढे सरकत राहायची. वाटा बंद झाल्या, शिवारं तारांनी बांधली गेली, म्हणून कळप एका जागी अडकतात.

माळकरी

हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. तुमच्या चुलत्यांना विचाराल का, पहिल्या पावसानंतर माद्या कुठे खड्डे करतात? वळवाने किंवा मिरगाने जमीन मऊ झाली की त्या अंडी घालायला जागा शोधतात. पुढच्या पायांनी माती उकरायची, अंडी घालायची, माती परत ओढायची आणि तोंडाने दाबून जागा अशी सारखी करायची की उठून दिसू नये. नराचे खेळ पाहायला सगळे जातात, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलंय. पाऊस लांबला तर मातीच उकरता येत नाही आणि अंडी सुकायचा धोका. त्यामुळे त्यांचं सगळं वेळापत्रक पावसाच्या तोंडावर येऊन थांबतं.

बिरोबाचा_माळ

थोरल्या चुलत्यांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, वाटेच्या कडेला. जिथे मेंढरांच्या पायांनी माती भुसभुशीत झालेली असते पण वर पाणी साचत नाही, तिथे. खडकाळ भागात त्यांनी मादीला उकरताना पाहिलेलं नाही.

कातळवाट

फोटोवाल्यांसाठी थोडं, कारण मी त्यांच्यातलाच. मे महिन्यात शनिवार-रविवारी चाळकेवाडीच्या रस्त्याकडेला गाड्यांची रांग असते. एका नरासमोर पाच-सहा जण पोटावर झोपलेले, प्रत्येकाची लेन्स हातभर पुढे. नर पंखा उघडतो तो मादीसाठी आणि शेजाऱ्यासाठी, आणि हे दिवस मोजके. आपण तासभर त्याच्या दगडाला वेढा घातला की तो तेवढा वेळ उन्हातून हटून झुडपात बसतो आणि त्याचा दगड दुसरा घेतो. काही जण चांगल्या पार्श्वभूमीसाठी दगड उचलून दुसरीकडे ठेवतात, तर काही सरडाच पकडून 'बसवतात'. हे पाहिलं की बोला, संकोच करू नका.

गाडी थांबवून आतच बसणं सगळ्यात चांगलं. गाडीला ते फारसे दचकत नाहीत. आणि सूर्य सरड्याच्या मागे घेऊ नका, निळा चमकणारच नाही.

हिरवी_वाट

आमच्या गटात कालच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. चर्चा तापली, पण एक ठरलं. यंदा माळावरचे खड्डे नाहीत. रोपं तयार आहेत ती ओढ्याकाठी आणि गावठाणात लावू. माळासाठी काय करता येईल ते सांगा, हात भरपूर आहेत.

रानवाटसरू

दोन कामं आहेत. एक, जानेवारीपासून वणव्यांवर लक्ष. 'जाळलं की गवत चांगलं येतं' म्हणून पेटवतात आणि आग पूर्ण माळभर जाते. अडवायला जाळरेषा काढायला माणसं लागतात. दुसरं, माळावर आधी कोणीतरी लावून ठेवलेलं सुबाभूळ आणि गिरिपुष्प पसरतंय, त्याची कोवळी रोपं काढायची. वनखात्याची जागा असेल तर त्यांच्या परवानगीने.

वर्धेचा_वारा

आमच्याकडे विदर्भात असाच सरडा दिसतो, पण आकाराने लहान आणि पंखा पांढरट, मध्ये थोडासा निळा. पिल्लू आहे की आजारी?

माळकरी

दोन्ही नाही, तो सिटाना गटातला, पूर्ण वाढलेला नर. त्या गटात पंखा आखूड आणि बहुधा पांढरट असतो. २०१६ च्या त्याच मांडणीत सिटानाच्याही नव्या जाती वेगळ्या केल्या गेल्या. तुमच्या नोंदी इथे जरूर टाका, विदर्भातल्या फार कमी येतात. फोटो काढताना तीन गोष्टी मिळाल्या तर जात ठरवायला सोपं जातं: पंखा पूर्ण उघडलेला असताना बाजूने, डोक्याचे खवले वरून, आणि पंख्याची मागची कड पोटावर कुठवर जाते ते. तारीख आणि तालुका लिहा. नेमका माळ मात्र उघड लिहू नका, मला निरोपातून कळवा.